नववी-दहावीच्या वर्गात परराष्ट्र धोरणावर विचारविनिमय : शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

राज्य मंडळाच्या २०१७ साली आलेल्या नववीच्या राज्यशास्त्रात भारताच्या परराष्ट्र धोरणाची वाटचाल आहे, संयुक्त राष्ट्रे आहेत, 'भारत व अन्य देश' आहे. बहुतेक वर्गांत ही प्रकरणं 'अलिप्ततावादाची वैशिष्ट्ये लिहा' इथे सुरू होतात आणि तिथेच संपतात. मुलांना सरकारच्या खुर्चीत बसवून 'आता काय करायचं, सांगा' असं विचारायला लागलं की वर्गाचा रंग बदलतो आणि शिक्षकाच्या अडचणीही वाढतात. त्या अडचणींबद्दल सहकारी वारंवार जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

वादविवाद स्पर्धा आम्ही दरवर्षी घेतो. मग हे वेगळं कशासाठी?

स्पर्धेत बाजू आधीच ठरलेली असते. 'या सभेचे असे मत आहे की…' म्हणून ठराव मांडायचा, अनुकूलने अनुकूल बोलायचं, प्रतिकूलने प्रतिकूल, आणि शेवटी ढाल. मुलं धीटपणे बोलायला शिकतात, हा फायदा खराच. पण तिथे मत बदलणं म्हणजे हरणं. विचारविनिमयात तास संपताना एखादी मुलगी म्हणाली, 'मी आधी दुसऱ्या पर्यायाला हात वर केला होता, आता तिसरा पटतोय', तर तास सार्थकी लागला.

दुसरं म्हणजे, परराष्ट्र धोरणात दोनच बाजू सहसा नसतात. तीन-चार वाटा असतात आणि प्रत्येकीत काहीतरी गमवावं लागतं. म्हणून वर्गाचे गट करून प्रत्येकाला एक वाट द्या, आणि प्रत्येक गटाला एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागेल, असा नियम ठेवा : तुमच्या पर्यायाची किंमत काय, आणि ती कोण मोजणार? बाकी सगळं आपापल्या वर्गाप्रमाणे बदललं तरी चालेल, हा प्रश्न मात्र सोडू नका. तो सोडला की उरतं ते वक्तृत्व.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना परराष्ट्र धोरणातलं काय कळणार?

कांदा कळतो. नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर, पुणे जिल्ह्यांतल्या शाळांत तर शिक्षकापेक्षा जास्त कळतो.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. लासलगावसारख्या बाजार समित्यांत संताप उसळला, लिलाव बंद पडले. इथवर मुलांना माहीत असतं. पुढचं सांगा. बंदी असतानाच मार्च २०२४ मध्ये बांगलादेशाला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४ हजार ४०० टन कांदा द्यायला सरकारने परवानगी दिली. शेतकऱ्याला बाहेर विकायला मनाई, पण मित्रदेशाच्या सरकारने मागितला तर कोटा ठरवून द्यायचा. हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो : 'मग भाव कोणी ठरवला?' परराष्ट्र धोरणाचा तास सुरू झाला.

आता २०१९ मध्ये जा. त्या सप्टेंबरातही अचानक बंदी आली होती. पुढच्याच महिन्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा त्यांनी आपण स्वयंपाक्याला कांदा न घालता जेवण करायला सांगितल्याचं हसत हसत सुनावलं. बांगलादेशाने मग पाकिस्तान, इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा मागवला, काही माल तर विमानाने आणला. एकदा दुसरीकडे वळलेलं गिऱ्हाईक परत येतं का? मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या आजीला स्वस्त कांदा मिळावा, निफाडच्या शेतकऱ्याला भाव मिळावा आणि ढाक्याशी असलेली मैत्रीही टिकावी, हे तिन्ही एकदम जमत नसेल तर आधी कोणाचं बघायचं? मुलांना हे कळत नाही असं म्हणणाऱ्याने हा तास एकदा घेऊन बघावा.

पहिला विषय कोणता घ्यावा?

इतिहासातला घ्या. निकाल लागून गेलेला असतो, त्यामुळे घरून भांडण येत नाही आणि पुढे काय झालं हे तासाच्या शेवटी दाखवता येतं. माझी पहिली पसंती १९६१ च्या गोव्याला. महाराष्ट्रातल्या मुलांना तो लांबचा वाटत नाही, कित्येकांच्या घरी सत्याग्रहाची एखादी आठवण असते. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे, सेनापती बापट यांच्यासारखी माणसं सत्याग्रहींच्या तुकड्या घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरली होती. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या.

अडचण एकच : शेवट सगळ्यांना माहीत आहे. 'सैन्य पाठवलं, गोवा सुटला, मग चर्चा कसली?' म्हणून मुलांना डिसेंबर १९६१ च्या पहिल्या आठवड्यात नेऊन बसवायचं आणि तेव्हा जे माहीत होतं तेवढंच कागदावर द्यायचं. उदाहरणार्थ :

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार गोव्याला वसाहत मानतच नाही, पोर्तुगालचा प्रांत म्हणतो. बोलणी होत नाहीत म्हणून भारताने लिस्बनमधली आपली वकिलात १९५३ सालीच बंद केली आहे. पोर्तुगाल नाटोचा, म्हणजे अमेरिका आणि पश्चिम युरोपीय देशांच्या लष्करी संघटनेचा, सदस्य आहे. डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश स्वयंशासित नाहीत, असं ठरवलं आहे, पण सालाझारवर त्याचा परिणाम नाही. भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तरी लोहखनिजाच्या निर्यातीवर गोव्याचं बरं चाललं आहे. नोव्हेंबरमध्ये अंजदीव बेटावरून भारतीय बोटीवर गोळीबार झाला. आणि पंतप्रधान नेहरू जगभर सांगत फिरले आहेत की वाद शांततेनेच सोडवले पाहिजेत.

या कागदातून चार वाटा निघतात : बोलणी आणि वाट पाहणं, संयुक्त राष्ट्रांमार्फत दबाव, नाकेबंदी आणखी आवळून आतल्या लढ्याला मदत, किंवा लष्करी कारवाई. चार गट करा. पहिली वाट हाताशी आलेला गट हमखास तोंड वाकडं करतो. त्या गटात वर्गातली हुशार मुलं बसवा. चौदा वर्षं थांबल्यावर आणखी का थांबायचं, हे पटेल असं मांडणं ही खरी परीक्षा आहे.

शेवटची दहा मिनिटं 'पुढे काय झालं' यासाठी राखून ठेवा. १७-१८ डिसेंबरच्या रात्री कारवाई सुरू झाली, १९ तारखेला गव्हर्नर वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. शेवटपर्यंत लढण्याचा लिस्बनचा हुकूम त्यांनी मानला नाही. इकडे सुरक्षा परिषदेत भारताला सैन्य मागे घ्यायला सांगणारा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने आणला. त्याच्या बाजूने सात मतं पडली, विरोधात चार. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. म्हणजे मतांच्या मोजणीत आपण हरलो होतो, हे ऐकून मुलं चपापतात. पोर्तुगालने गोवा भारताचा म्हणून मान्य केला तो थेट १९७४ मध्ये.

आणि एक किंमत अशी, जी चारपैकी एकाही गटाच्या कागदावर सहसा नसते. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होतं. तिथे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या भारतीयांना सालाझारच्या सरकारने छावण्यांत डांबलं, त्यांची मालमत्ता जप्त केली. हे सांगितल्यावर एका मुलीने विचारलं होतं, 'बाई, त्यांना आधी कोणी विचारलं होतं का?' त्या दिवशी घंटा झाल्यावरही वर्ग लवकर उठला नाही.

चालू घडामोडी कधी घ्यायच्या?

एक-दोन जुने विषय झाल्यावर. त्यातही ज्याची तारीख आणि मतदान नोंदलेलं आहे, असा विषय सोपा जातो. २ मार्च २०२२ चं मतदान हे चांगलं उदाहरण. रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आमसभेत आला. बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. भारत तटस्थ.

आकडे लगेच सांगू नका. आधी फळ्यावर शेजाऱ्यांची नावं लिहा आणि कोणी काय केलं असेल याचा अंदाज मुलांना बांधू द्या. चीन, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका तटस्थ राहिले. नेपाळ, भूतान आणि मालदीवने ठरावाच्या बाजूने मत दिलं. भूतान आपल्यापेक्षा वेगळं मत देतो, हे मुलांना खरंच वाटत नाही. भारत आणि पाकिस्तान एकाच रकान्यात दिसले की वर्गात गलका होतो. होऊ द्या, दोन मिनिटांत शांत होतो.

मग त्या दिवसाची परिस्थिती द्या. हजारो भारतीय विद्यार्थी, त्यातले बरेच मराठी, खारकीव्ह आणि सुमीत अडकलेले. त्यांना बाहेर काढायला रशिया आणि युक्रेन दोघांचंही सहकार्य हवं. आपल्या सैन्याची बरीच शस्त्रं रशियन, त्यांचे सुटे भाग तिकडूनच येणार. गलवानमध्ये चीनशी झालेल्या चकमकीला जेमतेम पावणेदोन वर्षं झालेली. दुसऱ्या बाजूला, दुसऱ्याच्या हद्दीत सैन्य घुसवू नये, हे तत्त्व आपण स्वतः चीनला ऐकवत आलेलो. आता द्या मत.

पाकिस्तानचा विषय काढला की वर्ग पेटतो. टाळावा का?

हल्ल्यासारखी घटना घडलेल्या आठवड्यात टाळा. तेव्हा मुलं घरचं ऐकून आलेली असतात, तुमचं ऐकायला नव्हे. पण कायमचा टाळाल, तर उरलेल्या विषयांतून मुलं शिकतील ते एवढंच की महत्त्वाचं असेल त्यावर बोलायचं नाही.

सिंधू जलकरार घेता येतो. १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केल्या, जागतिक बँक मध्यस्थ होती. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाबचं पाणी मुख्यतः पाकिस्तानकडे. तीन युद्धं झाली तरी तो टिकला. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी भारताने तो स्थगित केला. वर्गाला विचारायचं ते 'बरोबर केलं की चूक' असं नव्हे. स्थगितीनंतरच्या वाटा कोणत्या, हे विचारा : कायम स्थगित ठेवायचा, नव्या अटींवर नवा करार मागायचा, की दहशतवादाबाबत अमुक झालं तर पुन्हा चालू करू असं जाहीर करायचं? आणि पाणी खरोखर अडवायचं तर धरणं, कालवे, बोगदे लागतात. त्यांना किती वर्षं, किती पैसा?

मराठवाड्यातल्या शाळेत इथे एक गंमत होते. जायकवाडी धरणात पाणी सोडायला नदीच्या वरच्या अंगाचे नाशिक-नगरकर किती खळखळ करतात, समन्यायी पाणीवाटप म्हणजे काय, हे त्या मुलांना पाठ असतं. नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्याला काय वाटतं ते त्यांना वेगळं समजावावं लागत नाही. दहशतवादाचा प्रश्न त्याने पुसला जात नाही, आणि तो पुसला जाऊ नये याची काळजी शिक्षकानेच घ्यायची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरणं हाच तर तास आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळा. मुसलमान विद्यार्थ्याला 'पाकिस्तानची बाजू' द्यायची नाही, त्याच्याकडे बघून प्रश्न विचारायचा नाही, आणि दुसऱ्या कोणी तसं केलं तर तिथल्या तिथे थांबवायचं. तसंही आपल्या पद्धतीत सगळे गट भारत सरकारच्याच जागी असतात आणि पर्याय भारताचेच असतात. 'तू पाकिस्तान, मी भारत' हा खेळ वर्गात नको.

पालकांची किंवा संस्थाचालकांची तक्रार आली तर?

आधीच सावध राहा. विषय, पर्यायांचे कागद आणि तासाची तारीख मुख्याध्यापकांना लेखी द्या. प्रकरण पाठ्यपुस्तकातलं आहे, हे पान दाखवून सांगा. राज्यघटनेचं ५१ वं कलम, ज्यात आंतरराष्ट्रीय शांतता, देशादेशांतले सन्मानाचे संबंध आणि लवादाने तंटे सोडवणं येतं, ते कागदाच्या डोक्यावर छापलेलं बरं. तक्रार करणाऱ्या पालकांना वर्गात येऊन बसायला बोलवा. बहुतेक येत नाहीत. जे येतात ते पुढच्या विषयाची तारीख विचारून जातात.

शिक्षकाने स्वतःचं मत सांगावं का?

तास चालू असताना नाही. आपल्याकडे 'सर म्हणतात म्हणजे तेच' ही सवय इतकी मुरलेली आहे की तुमची भुवई वर गेली तरी चार मुलं पर्याय बदलतात. सगळं संपल्यावर कोणी सरळ विचारलं तर सरळ सांगा, कारणासकट, आणि आपल्या पर्यायाची किंमतही सांगा. 'मला काही मत नाही' म्हणू नका. मुलांना ते खोटं वाटतं, आणि असतंही.

साठ मुलं आणि पस्तीस मिनिटं. कसं बसवायचं?

एका तासात बसत नाही, जोडतास घ्या किंवा सलग दोन दिवस. पहिल्या दिवशी कागद वाचणं आणि गटात बोलणं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पर्यायाला चार मिनिटं, मग दुसऱ्या गटांचे प्रश्न, मग मोकळी चर्चा, शेवटी हात वर. साठ मुलांचे बारा गट करायचे, एकेका पर्यायावर तीन. बोलायला कोणाला उठवायचं हे आयत्या वेळी चिठ्ठीने ठरवा, नाहीतर दरवेळी वक्तृत्ववालेच पुढे येतील.

अभ्यासक्रम मागे पडतो, ही ओरड खरी आहे. म्हणून वर्षाला तीनच विषय.

काही मुलं तोंडच उघडत नाहीत.

त्यांना लिहू द्या. चर्चेच्या आधी पाच ओळी, नंतर पाच ओळी. न बोलणाऱ्यांच्या वह्यांत पुष्कळदा सगळ्यात नेमकं वाक्य सापडतं. नाव न सांगता ते मोठ्याने वाचून दाखवा, लिहिणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आणि बोलीत बोलू द्या. अहिराणीत मांडलेला मुद्दाही मुद्दाच असतो.

मराठीत साहित्य कुठे मिळेल?

तयार असं फारसं नाही, आणि खरी मेहनत इथेच आहे. पाठ्यपुस्तक पायाला पुरतं. मराठी विश्वकोश महाजालावर फुकट आहे, गोवा आणि पोर्तुगालच्या नोंदी तिथे वाचता येतात. परराष्ट्र मंत्रालयाची निवेदनं आणि संसदेतली प्रश्नोत्तरं इंग्रजी-हिंदीत मिळतात. ती आपण वाचायची आणि प्रत्येक पर्यायाचं एक पान सोप्या मराठीत लिहायचं : हा पर्याय काय म्हणतो, त्यामागे कशाला महत्त्व दिलं आहे, धोका कोणता, विरोधक काय म्हणतील. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या 'चॉइसेस' उपक्रमातली पाठपत्रकं साधारण याच घाटाची आहेत. घाट घ्या, मजकूर घेऊ नका. तिथे प्रश्न 'अमेरिकेने काय करावं' असा असतो, आणि आपल्या मुलांनी वॉशिंग्टनच्या काळज्या वाहण्यात अर्थ नाही.

चारही पानं सारख्याच ताकदीची हवीत. एक पान मुद्दाम पोचट लिहिलं तर मुलांना लगेच वास येतो. चाचणी सोपी आहे : नावं झाकून सहकाऱ्याला वाचायला द्या. 'तुझा पर्याय कोणता' हे त्याला ओळखता आलं, तर पुन्हा लिहा.

व्हॉट्सॲपवरचे मजकूर पुरावा म्हणून येतात.

हाकलून लावू नका. फळ्यावर लिहा आणि विचारा : हे कोणी, कधी म्हटलं? तारीख आहे का? कोणत्या कागदावर आहे? उत्तर नसेल तर तो मुद्दा बाजूला, अपमान न करता. हल्ली मुलं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून आणलेली उत्तरंही वाचून दाखवतात. त्यांनाही हेच तीन प्रश्न.

गुण कसे द्यायचे?

मताला गुण नाहीत. स्वतःच्या पर्यायाविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा मुलाला प्रामाणिकपणे मांडता आला का, याला सर्वाधिक. उदाहरणादाखल, युक्रेनच्या मतदानावरचं एक उत्तर असं असू शकतं : 'भारताने तटस्थ राहावे कारण भारत शांतताप्रिय देश आहे.' सुवाच्य अक्षर, अधोरेखित मथळा, पण आत काहीच नाही. दुसरं असं : 'तटस्थ राहिलो तर अडकलेली मुले सुटतील. पण उद्या चीन आत आला आणि आपण मदत मागितली तर हे देश विचारतील, तेव्हा तुम्ही कुठे होतात? तरी मी तटस्थच म्हणेन, कारण मुले आज अडकली आहेत.' शुद्धलेखनाच्या चुका असल्या तरी दुसऱ्याला पूर्ण गुण द्या.

मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सभेची शालेय नक्कल, करावं का?

परवडत असेल तर करा, मुलांना कार्यपद्धती कळते. पण तिथे एकेका मुलाला परक्या देशाची ठरलेली भूमिका वठवायची असते. 'आपण काय करायला हवं' हा प्रश्न तिथे येत नाही. शिवाय कोट-टाय आणि इंग्रजीचा दबदबा इतका की मराठी शाळेतली मुलं निम्मी ताकद त्यातच घालवतात.

दहावीत राज्यशास्त्रात परराष्ट्र धोरण नाही. मग सोडून द्यायचं?

दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे, तिथून धरा. हे दोन देश जर्मनी आणि जपानला सोबत घेऊन सुरक्षा परिषदेत कायमची जागा मागत आले आहेत. जागा मिळेल, पण सुरुवातीची काही वर्षं नकाराधिकार मिळणार नाही, अशी तडजोड पुढे आली तर भारताने ती घ्यावी का? पर्याय तीनच पुरेत. भूगोलाच्या शिक्षकांशी आधी बोलून घ्या, त्यांचा तास जातो आहे.